पावसाळ्यात पडून राहिलेली पेट्रोल मशीन आणि त्यांचे कार्बोरेटर : देवगडच्या बागेतल्या कामाच्या नोंदी

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

पाऊस अजून पुरता गेलेला नाही, पण बागेत गवत कमरेला लागायला लागलंय आणि एकदा पालवी फुटली की आंब्यावरच्या तुडतुड्याची (किडीची) फवारणी थांबवून ठेवता येत नाही, म्हणून आज मांगरातली (बागेतल्या खोपीतली) मशीन बाहेर काढली. तीन आहेत. एचटीपी फवारणी पंपावरचं चार स्ट्रोक इंजिन, १६३ सीसी. खांद्यावर अडकवायचं गवत कापायचं मशीन, टू स्ट्रोक, ४३ सीसी. आणि विहिरीवरचा जुना पेट्रोल-रॉकेल पंप, म्हणजे पेट्रोलवर सुरू करून गरम झाला की रॉकेलवर टाकायचा तो. रेशनवर रॉकेल मिळेनासं झालं तेव्हापासून तो पेट्रोलवरच चालतो.

जूनपासून कुणी हात लावला नव्हता. टाकीत जे पेट्रोल होतं ते तसंच आत.

तिघांची दुखणी वेगळी निघाली. एचटीपीचं इंजिन चोक (हवा अडवणारी झडप) ओढून सुरू होतं, चोक सोडला की बंद. गवताचं मशीन दोरी ओढून हात दुखले तरी फुसकत पण नाही. आणि विहिरीच्या पंपाची पेट्रोलची चावी उघडली की कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या) ओव्हरफ्लोच्या नळीतून टपटप टपटप खाली.

लगेच कार्बोरेटर खोलायला बसू नका. आधी जुनं पेट्रोल काढून ताजं टाकून बघा, प्लग काढून तो ओला आहे का कोरडा ते बघा, करंट बघा. चार स्ट्रोकच्या प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवला. एचटीपीचा प्लग कोरडा होता, करंट निळा आणि जोरात, म्हणजे पेट्रोलच पुरेसं येत नाहीये. चोक ओढल्यावर चालतं आणि सोडल्यावर बंद पडतं याचा अर्थ जवळजवळ नेहमी हाच की जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) चोंदलाय, हवा हवी तेवढी येतेय पण पेट्रोल कमी पडतंय.

गावातल्या मेस्त्रींना टाकीतून काढलेलं पेट्रोल बाटलीत नेऊन दाखवलं. त्यांनी बूच उघडून नुसता वास घेतला, "ह्यां पेट्रोल नाय रे, वार्निश झालां हा." रंग चहासारखा आणि वास भिंतीच्या रंगाच्या दुकानात येतो तसा.

२ ऑक्टोबर २०२४

सुट्टी, म्हणून एचटीपीचा कार्बोरेटर घेतला. पेट्रोलची चावी बंद, एअर क्लीनर बाहेर, मग दहाच्या पान्याने दोन नट, की कार्बोरेटर बोल्टवरून सरकत पुढे येतो. तो पूर्ण ओढायच्या आधी गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) दांडीचा आणि त्या बारीक स्प्रिंगचा फोटो काढा, कुठलं टोक कुठल्या भोकात ते नंतर अजिबात आठवत नाही. तसंच इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधे काळा जाड ठोकळा असतो त्याच्या दोन्ही बाजूंची पॅकिंग एकसारखी नसतात, ती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवली.

खालची वाटी एका बोल्टवर असते. ती सोडवली आणि आतलं बघून तीन महिन्यांचा पाऊस समजला. तळाला पांढरट हिरवा चिकट गाळ, कडेने पेट्रोल जिथपर्यंत होतं तिथे पिवळं वर्तुळ, आणि तळाच्या एका कोपऱ्यात पाण्याचा वेगळा थेंब, वाटी तिरकी केली की पेट्रोलच्या खालून सरकत जाणारा.

मेन जेट स्क्रू ड्रायव्हरने निघतो, पण त्याच्या खाचेत बरोबर बसणाराच ड्रायव्हर घ्या. पितळ मऊ असतं, खाच गेली की मग जेट ड्रिल करून काढायची वेळ येते. जेट उजेडासमोर धरला तर भोकातून काहीच दिसेना. सुई किंवा स्टीलची तार घालू नका, भोक जरा जरी मोठं झालं तरी इंजिन कायमचं जास्त पेट्रोल प्यायला लागतं. विजेच्या मऊ वायरीतली तांब्याची एक तार काढून तिने हळूहळू मोकळं केलं. जेटच्या वर एक लांब पितळी नळी असते तिच्या अंगावर बारीक भोकं असतात, ती पण एकेक करून.

शेजारच्या काकांनी सांगितलं सगळा कार्बोरेटर रात्रभर चिंचेच्या पाण्यात टाक, पितळेची भांडी निघतात तसा निघेल. पितळी जेटपुरतं ते ठीक आहे, पण बॉडी पितळेची नसते, हलक्या धातूची असते आणि आंबट पाण्यात ती काळी पडून खायला लागते. नाही टाकला. कार्ब क्लीनरचा स्प्रे आणला, ३२० रुपये. स्प्रे मारताना चष्मा घाला, एका भोकात मारला की दुसऱ्याच भोकातून थेट तोंडावर येतो. मग पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून घेतली. फ्लोट (वाटीत पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा) आणि त्याची पिन आधी काढून घरी ठेवली होती, त्या हवेच्या जोरात फ्लोट वाकतो नाहीतर पिन कुठेतरी उडून जाते.

संध्याकाळी जोडून सुरू केलं. चोकशिवाय चालू झालं, पण रेस सारखी वर-खाली, वर-खाली. लोड दिला की बरं, लोड काढला की परत तेच.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

रेस वर-खाली होण्याचं कारण पायलट जेट. मेन जेट साफ होता त्यामुळे लोडवर ठीक होतं. बिनलोडला पेट्रोल पायलटमधून यायला हवं, ते येत नाही, रेस पडते, गव्हर्नर थ्रॉटल (इंजिनकडे जाणाऱ्या वाटेतली झडप) उघडतो, मेन जेट पेट्रोल द्यायला लागतो, रेस वाढते, गव्हर्नर बंद करतो, परत पडते. बरेच जण इथे गव्हर्नरच्या स्प्रिंगला आणि स्क्रूला हात घालतात. गव्हर्नरचा काही संबंध नसतो, त्याला हात लावला की दोन दुखणी होतात.

या इंजिनात पायलट जेट दिसत नाही, कारण तो थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूखाली लपलेला असतो. तो स्क्रू काढला की काळ्या प्लास्टिकच्या डोक्याचा बारीकसा जेट, छोट्या ड्रायव्हरने अलगद उचकटायचा. त्याचं भोक मेन जेटपेक्षा बरंच बारीक, तांब्याची तार पण जाईना. स्प्रेमध्ये भिजवून ठेवला, जेवून आलो, मग टूथब्रशचा एक केस आत गेला आणि उजेड दिसला, टाचणीच्या टोकाएवढा, पण गोल. बसवताना त्याच्या रबरी रिंगला ऑइलचं बोट लावलं.

आता इंजिन एका सुरात चालतंय. वाटीचा बोल्ट घट्ट करताना जोर लावू नका, फायबरचा वॉशर असतो, बसला की पुरे.

८ ऑक्टोबर २०२४

विहिरीचा पंप. ओव्हरफ्लो म्हणजे फ्लोटची नीडल, वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी, ती पेट्रोल अडवत नाही. कारणं दोनतीनच असतात, सीटमध्ये (नीडल बसते त्या भोकात) कचरा, नीडलच्या टोकाला घासून पडलेली रेघ, किंवा फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल भरलेलं. फ्लोट कानाजवळ हलवला, आत काही वाजत नाही, म्हणजे ठीक. नीडलच्या टोकावरून नख फिरवलं तर गोल खाच लागली. नवीन नीडल ६० रुपये. बसवली, एक दिवस बरा चालला आणि परत टपटप.

खोललं तर सीटवर गंजाची पूड. म्हणजे मूळ दुखणं टाकीत. टाकी काढून आत बारीक खडी आणि थोडं पेट्रोल घालून हलवली, ओतली, परत हलवली, शेवटी लाल पाणी यायचं थांबलं तेव्हा उन्हात वाळवली. टाकीच्या तोंडाची जाळी फाटलेली होती ती बदलली. गंज पूर्ण गेलेला नाही, बॅटरी लावून आत बघितलं तर तळाच्या शिवणीजवळ पापुद्रे दिसतात.

१० ऑक्टोबर २०२४

गवताच्या मशीनचा आज नंबर, आणि याच मशीनने सगळ्यात जास्त पैसे खाल्ले, कारण ते बंद म्हणून दरम्यान मशीनवाला माणूस रोजाने आणावा लागला, दिवसाला हजार आणि पेट्रोल आपलं.

याच्या कार्बोरेटरला वाटीच नसते, फ्लोट नसतो. मशीन आडवं तिडवं धरतात म्हणून फ्लोटच्या जागी पातळ डायफ्राम असतात, एक पेट्रोल ओढणारा आणि एक मोजून आत सोडणारा. चार स्क्रू काढून मोजणारा डायफ्राम हातात घेतला. तो मऊ लवचिक हवा, हा पापडासारखा कडक, वाकवला तर कडेने चीर गेली. टाकीतली पेट्रोलची नळी फुगून मऊ झाली होती आणि तिच्या टोकाचा फिल्टर सुटून टाकीत पडलेला.

किट १४० रुपये, त्यात दोन्ही डायफ्राम, पॅकिंग, नीडल, लिव्हर, स्प्रिंग. डुप्लिकेट अख्खा कार्बोरेटर ४५० ला मिळत होता आणि दुकानदार तोच घ्या म्हणून मागे लागला. मी किटच घेतलं. टू स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे कार्बोरेटर पेट्रोल कमी देणारा लागला तर ऑइल पण कमी जातं आणि पिस्टन जाम होतो, मग ४५० चा हिशोब चार-पाच हजारांवर जातो. मूळ कार्बोरेटरची बॉडी चांगली असेल तर ती टाकू नका.

क्रम चुकला तर मशीन चालत नाही. माझ्या कार्बोरेटरमध्ये मोजणाऱ्या बाजूला आधी पॅकिंग मग डायफ्राम, आणि पंपाच्या बाजूला उलटं, आधी डायफ्राम मग पॅकिंग. तुमच्यात वेगळं असू शकतं, फोटो काढा. एल आणि एच लिहिलेले दोन स्क्रू (कमी आणि जास्त रेसचे) असतात ते काढायच्या आधी पूर्ण आत फिरवून किती फेरे लागले ते लिहून ठेवा, मग बाहेर काढा.

नवीन नळी टाकीत घालायला अर्धा तास गेला. टोक लांबट तिरकं कापून, ऑइल लावून, टाकीच्या तोंडातून पक्कडीने ओढलं तेव्हा आली.

रबरी फुगा दाबला, नळीतून पेट्रोल चढताना दिसलं, आणि दोरी ओढल्यावर मशीन धूर सोडत सुरू झालं. पेट्रोलमध्ये टूटी (टू स्ट्रोकचं) ऑइल लिटरला ४० मिली, या मशीनच्या पुस्तकात २५ ला १ सांगितलंय म्हणून. ५० ला १ लिहिलेलं असेल तर २० मिली. अंदाजाने बुचाने ओतू नका.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

काल-परवाच्या धुळीतच मशीन पुजली, झेंडू बांधले. दुपारी एक प्रयोग केला. औषध मोजायचा १०० मिलीचा नवा कोरा जार घेतला, त्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पंपावरचं ताजं पेट्रोल, झाकून हलवलं आणि ठेवून दिलं. पेट्रोल आणि पाणी मिसळत नाही, पण पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात जातं, म्हणून खालचा थर वाढतो. पाण्याची रेघ १० वरून २३ च्या आसपास गेली. म्हणजे त्या ९० मिलीत १३ मिलीच्या जवळपास इथेनॉल.

हे यासाठी सांगतोय की कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी झाकणाच्या भोकातून चार महिने दमट हवा घेत असते आणि इथेनॉल ते पाणी ओढून धरतं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन वेगळे होतात आणि तळाला बसतात. वाटी टाकीच्या खाली असते, तर ते जातं कुठे, वाटीतच. २ ऑक्टोबरला मला वाटीत जो थेंब दिसला तो असाच. बाकी पिवळं वर्तुळ आणि वार्निश हे नुसत्या पेट्रोलचं काम, हलका भाग उडून जातो आणि चिकट राहतं, ते इथेनॉल नसतानाही व्हायचं. सगळा दोष इथेनॉलवर टाकून मोकळे होणारे बरेच भेटतात.

कुणी कुणी पेट्रोल पाण्याने धुऊन इथेनॉल काढतात आणि तेच मशीनला घालतात. इथेनॉल निघून गेलं की पेट्रोलचा ऑक्टेन (ठोके न देता जळायचा गुण) पण खाली येतो, आणि थोडं पाणी राहिलं तर परत आपणच मांगरात बसायचं. मी नाही करत.

हिशोब : स्प्रे ३२०, नीडल ६०, किट १४०, नळी आणि फिल्टर ९०, प्लग १२०, जाळी ४०, पंक्चरवाला ५०. एकूण ८२०. भाड्याच्या मशीनचा खर्च याच्या कितीतरी पट, तो धरलेला नाही.

१८ मे २०२५, रविवार

आंबा संपत आलाय. यंदा मशीन नीट ठेवायची ठरवलंय.

एचटीपीचं इंजिन : टाकी पूर्ण रिकामी. पेट्रोल बाईकमध्ये ओतलं. मग इंजिन सुरू करून चावी बंद केली, आपोआप बंद पडेपर्यंत चालू दिलं. एवढ्यावर लोक थांबतात, पण इंजिन बंद पडलं तरी वाटीच्या तळाला थोडं उरतंच, कारण जेटचं तोंड तळाच्या वर असतं. वाटीच्या खाली एक छोटा स्क्रू असतो तो सोडल्यावर चमचाभर तरी आलं. मग प्लग काढून सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल, दोरी हळू ओढून सगळीकडे फिरवलं, प्लग लावला आणि दोरी जड लागेल तिथे थांबवली. तिथे दोन्ही वॉल्व बंद असतात, दमट हवा आत जात नाही. होंडाच्या जीएक्स इंजिनांच्या पुस्तकात पण हेच सांगितलेलं आहे.

गवताचं मशीन : टाकी रिकामी, फुगा दाबून नळीतलं काढलं, मग सुरू करून बंद पडेपर्यंत, परत चोक ओढून सुरू केलं, दोन मिनिटं कुरकुरलं आणि गेलं. काहींचं म्हणणं डायफ्राम कोरडा ठेवला की कडक होतो. माझा मागच्या वेळी पेट्रोलमध्ये राहूनच कडक झाला होता. स्टिलच्या मशीनच्या पुस्तकात पण कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवायला सांगतात, नाहीतर डायफ्राम चिकटतात म्हणून.

विहिरीचा पंप अजून लागतोय, झाडांना पाणी चालू आहे. तो जूनच्या पहिल्या आठवड्यात बघू.

२५ मे २०२५

जून कसला. गेला आठवडाभर पाऊस कोसळतोय आणि आज हवामान खात्याच्या नकाशावर मान्सूनची रेघ देवगडपर्यंत आली. मे महिन्यात! पंप विहिरीवरच, ताडपत्री टाकलेली, टाकीत अर्ध पेट्रोल. वाटेत चिखल एवढा की तो वर आणायला दोन माणसं लागतील.

१३ जुलै २०२५

उघडीप मिळाली म्हणून विहिरीवर जाऊन नुसती चावी बंद केली आणि वाटीखालचा स्क्रू सोडून वाटी रिकामी केली. टाकी काढायला पाना नेला नव्हता आणि परत पाऊस आला, तशीच ठेवली. वाटीतलं पेट्रोल अजून पिवळसरच होतं, वास बिघडायला लागलेला.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

एचटीपीमध्ये ताजं पेट्रोल, चोक, दोरी, आणि चालू. सुरुवातीला एवढा निळा धूर आला की शेजारच्या काकू बाहेर येऊन बघायला लागल्या. ते सिलेंडरमधलं ऑइल जळतं, मिनिटभरात साफ होतं, घाबरू नका. प्लग नंतर काढून पुसला.

गवताचं मशीन लगेच नाही झालं. फुगा दाबला की पेट्रोल येतंय, पण प्लग कोरडा. कार्बोरेटरचं मागचं झाकण काढलं तर डायफ्राम मऊच होता, आतली नीडल तेवढी सीटला चिकटलेली. टूटी ऑइल वाळून चिकट होतं ते. लिव्हर बोटाने अलगद दाबली, टक आवाज करून सुटली, झाकण लावल्यावर सुरू झालं. रेस थोडी कमी वाटली म्हणून एल स्क्रू किंचित बाहेर घेतला. किट लागलं नाही.

विहिरीच्या पंपाची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. टाकीतलं पेट्रोल ओतलं, चहाच्या रंगाचं, आणि चावीखालच्या छोट्या कपात पाणी साचलेलं, तळाला गंज. पण कार्बोरेटरची वाटी काढली तर स्वच्छ. कडेला पिवळट झाक, ती नुसत्या फडक्याने पुसली गेली. जेट उजेडात धरला, आरपार दिसला. टाकी धुतली, नवीन पेट्रोल टाकलं, पंप चालू. म्हणजे टाकी रिकामी करायला जमलं नाही तरी चावी बंद आणि वाटी रिकामी एवढं तरी कराच, दहाचा पाना आणि ड्रायव्हर घेऊन पाच मिनिटांचं काम आहे. उलट टाकी रिकामी केली आणि वाटी विसरलात तर काही उपयोग नाही.

जारचा प्रयोग परत केला. १० मिली पाणी, ९० मिली पेट्रोल. रेघ २७ ला टेकली. गेल्या वर्षी २३ होती. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे ते जारमध्ये पण दिसतंय. जुन्या नळ्या, रबरी रिंगा असतील तर त्या दर सीझनला हाताने दाबून बघायला लागणार.

खर्च यंदा : गवताच्या मशीनचं झाकणाचं एक पॅकिंग २० रुपये, ते पण मी काढताना फाटलं म्हणून.

१२ ऑक्टोबर २०२५

विहिरीच्या पंपाची टाकी तळाच्या शिवणीतून पाझरायला लागली. मागच्या वर्षी खडी घालून हलवली तेव्हा जे पापुद्रे दिसले होते तिथेच. साबण दाबून तात्पुरतं थांबवलंय, पण पेट्रोलचं काम आहे, असं ठेवायचं नाही. वेल्डिंगवाला पेट्रोलची टाकी हातात घ्यायला तयार नाही आणि त्याचं बरोबर आहे. कणकवलीला जुन्या इंजिनांचे पार्ट मिळतात तिथे बघतो, नाहीतर प्लास्टिकची टाकी वर टांगून नळी खाली घ्यायची, फक्त चावी आणि फिल्टर मधे बसवायला जागा काढायला लागेल.